अभ्यासक्रम कसा तयार होतो?

शाळा सुरू झाली की नवी पुस्तके आपल्या हाती येतात. आपण त्यांना कव्हर घालतो, त्यांवर नाव लिहितो, आतील चित्रे पाहतो. पण एक प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. हा धडा याच इयत्तेत का? पहिला धडा सोपा आणि शेवटचा कठीण, हे कोणी ठरवले? हे ठरवणे हेही एक काम आहे आणि ते करणाऱ्यांना अभ्यासक्रम-तज्ज्ञ म्हणतात.

प्रथम एक फरक लक्षात घेऊ. अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर बांधण्यापूर्वी नकाशा काढावा लागतो. खोल्या किती, दार कोठे, पाणी कोठून येणार हे सर्व त्यात असते. अभ्यासक्रम म्हणजे शिकण्याचा असाच नकाशा होय. पाठ्यपुस्तक त्या नकाशावरून तयार होते.

हा नकाशा काढताना काय विचारात घ्यावे? राल्फ टायलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात चार प्रश्न मांडले. शिकवण्याचा हेतू काय? तो साधण्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यावेत? ते कोणत्या क्रमाने द्यावेत? आणि हेतू साधला की नाही, हे कसे ओळखावे? आजही या कामात हे चार प्रश्न उपयोगी पडतात.

आपल्या देशात राष्ट्रीय पातळीवर हे काम १९६१ साली स्थापन झालेली एन. सी. ई. आर. टी. ही दिल्लीची संस्था करते. महाराष्ट्रात २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले. त्यालाच आपण ‘बालभारती’ म्हणतो. त्याच्या पूर्ण नावात ‘पाठ्यपुस्तक निर्मिती’ याबरोबर ‘अभ्यासक्रम संशोधन’ हेही शब्द आहेत. हे मंडळ मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड अशा अनेक भाषांत पुस्तके काढते. प्रत्येक विषयासाठी समिती असते. मसुदा तयार झाला की तो निवडक शिक्षकांना व तज्ज्ञांना वाचायला देतात. त्यांच्या सूचना तपासून, धडे दुरुस्त करून मगच पुस्तक छापायला जाते.

शिक्षकांना मसुदा का दाखवतात, हे मला एका प्रसंगातून कळले. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. एकदा चाचणीत एक उतारा होता. त्यात वाक्य होते, ‘मुलाने बादली खाली ठेवली.’ खाली प्रश्न होता, ‘मुलाने काय केले?’ एका मुलीने लिहिले, ‘मुलाने बादलीत पाणी भरले नाही.’ मी उत्तर चूक दिले आणि ते वर्गात वाचूनही दाखवले. सारा वर्ग हसला. त्या दिवसापासून त्या मुलीने मराठीच्या तासाला हात वर करणे सोडले.

पुढे मला एका कार्यशाळेत बसण्याची संधी मिळाली. तेथे मराठीच्या धड्यांचा मसुदा तपासला जात होता. मी हा प्रसंग सांगितला. तेव्हा एक वडीलधारे शिक्षक म्हणाले, “बाई, त्या मुलीने विचार करूनच उत्तर दिले आहे. उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामे. तो शब्द मराठीत वेगळ्या अर्थाने येतो, हे तिला आधी कोणी सांगितले होते का?” मी गप्प राहिले. कोणीच सांगितले नव्हते. धड्याने नाही आणि मीही नाही.

त्या दिवशी आम्ही एक यादी केली. उर्दूतले दफ्तर म्हणजे कचेरी, मराठीत मुलांच्या पाठीवर दप्तर असते. मराठीत राग म्हणजे गाण्यातला राग आणि रुसवा-संतापही. मग व्याकरणाकडे वळलो. उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. म्हणून आपली मुले ‘घर मोठा आहे’, ‘पाणी आला’, ‘पुस्तक चांगली आहे’ असे लिहितात. नियम पाठ करून ही चूक जात नाही. म्हणून आधी घर, पाणी, झाड, पुस्तक असे रोजचे शब्द घ्यायचे, ‘ते घर’, ‘ते झाड’ असे बोलायला लावायचे, नियम त्यानंतर सांगायचा आणि पुढच्या इयत्तेत त्याची उजळणी करायची, असा क्रम आम्ही सुचवला. जागा मर्यादित होती. त्यामुळे एक सुंदर पण अवघड उतारा वगळावा लागला. काय घ्यायचे हे ठरवण्यापेक्षा काय सोडायचे हे ठरवणे जड जाते.

असे बदल सर्वांना पटतातच असे नाही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशीही वाचनाची पद्धत दिली गेली. आपण २१ लिहिताना आधी दोन लिहितो, पण बोलताना आधी ‘एक’ म्हणतो. उर्दूतही इक्कीस, बाईस असेच आहे. शिवाय ‘त्र्याण्णव’सारखी जोडाक्षरे लहान मुलांना अवघड जातात. मुलांची ही अडचण दूर व्हावी, असे गणित समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते. भाषेची जुनी रूपे मोडतील, असे विरोधकांना वाटले. वृत्तपत्रांत व विधानसभेतही चर्चा झाली. दोन्ही बाजूंना मुलांचे भलेच हवे होते. यावरून पुस्तकातील एका शब्दामागेही किती विचार असतो, हे समजते.

हे काम केवळ शाळेपुरते नाही. आय. टी. आय. मध्ये वीजतंत्री तयार करायचा असेल, तर आधी तो प्रत्यक्ष कोणकोणती कामे करणार, याची यादी करतात. मग कोणते कौशल्य आधी, कोणते नंतर हे ठरते. परीक्षाही केवळ लेखी घेऊन चालत नाही. तार जोडून दाखवावी लागते. परिचारिका, बसचालक, बँकेतील कर्मचारी यांच्या प्रशिक्षणाचीही अशीच आखणी होते.

या कामासाठी विषयाचे ज्ञान, शिक्षणशास्त्राचा अभ्यास आणि वर्गात शिकवण्याचा अनुभव हवा. त्याहून अधिक म्हणजे मुलाची चूक लक्ष देऊन वाचण्याची सवय हवी.

मित्रांनो, एखादा धडा कळला नाही, तर लगेच स्वतःला कमी लेखू नका. काय कळले नाही, ते शिक्षकांना नीट सांगा. त्या मुलीने उत्तर कोरे सोडले असते, तर ‘खाली’ या शब्दाची अडचण मला कधीच कळली नसती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात ती चूक माझी होती असे सांगितले आणि तिला तिचा गुण दिला.

स्वाध्याय
१. अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक यांतील फरक सांगा.
२. मुलीने ‘मुलाने बादलीत पाणी भरले नाही’ असे का लिहिले?
३. उर्दूत आणि मराठीत वेगवेगळा अर्थ असलेले आणखी तीन शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.