दिवसाच्या नाटकाला शाळेची पोरं न्यायची तर काय काय बघावं लागतं

शाळेच्या सहलीचा विषय निघाला की ठरलेली नावं पुढं येतात. पन्हाळा, जोतिबा, नाहीतर गणपतीपुळे. सांगलीला नाटक दाखवायला नेऊ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "रात्रीचं पोरं घेऊन कुठं जायचं?" प्रश्न रास्त आहे. जतहून सांगली ८५-९० किलोमीटर, आणि उमदीकडची गावं धरली तर शंभराच्या वर. रात्री साडेनऊचं नाटक बघून पोरं घरी पोचायला पहाट होईल. असलं कुणीच करू नये.

पण नाटक रात्रीच असतं हा आपला समज आहे. जत्रेतली नाटकं रात्रीची, तमाशा रात्रीचा, म्हणून आपल्या डोक्यात तेच बसलंय. नाट्यगृह भाड्यानं मिळतं ते सत्रावर. सकाळचं सत्र, दुपारचं सत्र, रात्रीचं सत्र. सकाळी अकराचा प्रयोग असेल तर दीड वाजता पोरं बाहेर, मग डबे खायचे, आणि दिवेलागणीच्या आत गाडी गावात. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आहे, दोनदा पोरांबरोबर जाऊन आलो. पहिल्या वेळी आमच्या बऱ्याच चुका झाल्या. त्या दुसऱ्या गावानं करू नयेत म्हणून हे लिहितोय.

प्रयोग मिळवायचा कसा

खरी अडचण इथंच आहे. मोठ्या कंपन्यांची बालनाट्यं जास्त करून मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत लागतात, नाहीतर रविवारी. म्हणजे जेव्हा शाळा बंद असते तेव्हा. शहरातल्या आई-वडिलांना ते सोयीचं, आपल्याला नाही. त्यामुळं जाहिरात बघून तिकीट काढायचं म्हटलं तर जमत नाही. आपल्याला शाळेच्या दिवशीचा, दिवसाचा प्रयोग पाहिजे आणि तो मागून घ्यावा लागतो.

मागायचा म्हणजे काय? एका शाळेच्या चाळीस पोरांसाठी कुणी प्रयोग लावणार नाही. पण केंद्रातल्या सात-आठ शाळा एकत्र आल्या, तीन-चारशे पोरं झाली, तर स्थानिक नाट्यसंस्था ऐकतात. सांगली-मिरजेत हौशी संस्था आहेत, त्यांची नाटकं बसवलेली असतात, त्यांना प्रेक्षक पाहिजे असतो. मुंबई-पुण्याच्या कंपनीपेक्षा त्यांचा खर्चही कमी. केंद्रप्रमुखांनी मनावर घेतलं तर एका बैठकीत हे ठरतं. आमच्याकडं ठरायला तीन बैठका लागल्या, तो भाग वेगळा.

दुसरा मार्ग राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या बालनाट्य स्पर्धेचा. त्यात पोरंच नाटक करतात आणि प्रयोग दिवसा असतात. केंद्र कुठं आहे आणि तारखा कोणत्या, हे त्या त्या वर्षी विचारून घ्या. आपल्या पोरांना स्वतःच्याच वयाची पोरं स्टेजवर बोलताना दिसतात, ही गोष्ट मला मोठ्या नटांच्या नाटकापेक्षाही जास्त मोलाची वाटली.

नाट्यगृह म्हणाल तर सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिर आहे, मिरजेत बालगंधर्व नाट्यगृह आहे. आपल्या बाजूनं कवठेमहांकाळवरून येताना मिरज आधी लागते, तेवढाच वेळ वाचतो.

गाडी, परवानगी आणि पैसे

एसटी शाळेच्या सहलीला ५० टक्के सवलत देते. त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र, मुलांची यादी आणि तारीख घेऊन आगारात आधी जायचं. सहलींचा हंगाम सुरू झाला की गाड्या मिळत नाहीत, म्हणून महिनाभर आधी गेलेलं बरं. एक लक्षात ठेवा, पैसे गाडीचे लागतात. ४४ सीटची गाडी तीस पोरांनी नेली तर तीस जणांवर तोच बोजा पडतो. शेजारच्या वस्तीशाळेची पोरं सोबत घ्या, दोघांचंही भागतं.

गटशिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते. पालकांची संमतीपत्रं लागतात, मुली असल्या की शिक्षिका सोबत पाहिजेच. आमच्याकडं एका आईलाही नेलं होतं आणि त्याचा फार उपयोग झाला. बारीक पोरींना लघवीला नेण्यापासून उलटी झालेल्या पोराचा शर्ट धुण्यापर्यंत सगळं त्या माउलीनं केलं. घाटरस्ता नसला तरी पहाटे उपाशीपोटी निघालेल्या पोरांना गाडी लागतेच. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि लिंबं जवळ ठेवा.

आता पैशाचं. पहिल्या वर्षी वर्गात पैसे गोळा केले आणि ज्यांचे आले नाहीत त्यांची नावं फळ्यावर लिहिली. हेतू वाईट नव्हता, हिशेब सोपा जावा म्हणून लिहिली. पण ती नावं चार दिवस फळ्यावर राहिली आणि ती अकरा पोरं सहलीच्या दिवशी घरीच बसली. त्यात आमच्या वस्तीवरच्या दोन बहिणी होत्या. मी गाडीत बसताना त्या रस्त्याच्या कडेला शेरडं घेऊन उभ्या होत्या. मी समितीत असून मला ते आधी कळलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या वेळी पद्धत बदलली. पैसे वर्गात गोळा करायचे नाहीत, पालकांनी ऑफिसात येऊन जमेल तेवढे द्यायचे, कुणी किती दिले ते बाहेर सांगायचं नाही. कमी पडले ते गावानं भरले. गणेश मंडळाची शिल्लक होती, त्यांनी दिली. दोन द्राक्षवाल्यांनी थोडे थोडे दिले. कुणाचं पोर मागं राहिलं नाही.

म्हणजे पैशामुळं राहिलं नाही. सहा पोरं तरी राहिलीच, कारण सहल डिसेंबरात होती आणि त्यांचे आई-बाप ऊसतोडीला गेले होते. पोरंही त्यांच्याबरोबर फडात. आपल्या तालुक्यात सहलीची तारीख ठरवताना हे कुणी बघत नाही. दिवाळीनंतर थंडी चांगली, हवा चांगली म्हणून डिसेंबर-जानेवारी धरतात. ज्या पोरांनी कधी गाव सोडून काही बघितलेलं नाही, नेमकी तीच त्या वेळी गावात नसतात. दसऱ्याच्या आधी सहल ठेवता आली तर ती सापडतात. पितृपक्षात लोक कार्यक्रम कमी ठेवतात, तेव्हा तारीख मिळायची शक्यताही जास्त. पावसाचं निमित्त निघेल, पण नाटक छपराखाली असतं. परवानगी देणाऱ्या कार्यालयाला हे आधीच समजावून सांगा.

आत गेल्यावर

पहिल्या वर्षी आम्ही साडेसातला निघायचं ठरवून सव्वाआठला निघालो. पोचलो तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती. नाटकाला तीन घंटा असतात, तिसरी झाली की पडदा उघडतो, हे आमच्यातल्या निम्म्या मोठ्यांनाही माहीत नव्हतं. अंधारात चाळीस पोरं चाचपडत खुर्च्या शोधतायत, पुढचे लोक "खाली बसा" म्हणतायत, स्टेजवर बोलणारा नट थांबलाय. नाटकाची सुरुवात गेली ती गेलीच, दुसऱ्यांचाही विचका केला. तेव्हापासून अकराचा प्रयोग असेल तर दहाला नाट्यगृहाच्या दारात, असा हिशेब धरतो. तेवढ्या वेळात लघवी-पाणी उरकतं.

अंधाराचं पोरांना आधी सांगून ठेवा. दिवसाढवळ्या आत गेलं आणि दिवे गेले की पहिलीतली पोरं घाबरतात, आमच्या एका पोरीनं भोकाडच पसरलं. बारकी पोरं पुढं, मोठी मागं, बाल्कनीत लहानांना बसवू नका. गुरुजी आणि बाई एकत्र बसून गप्पा मारत असतील तर उपयोग नाही, प्रत्येक रांगेच्या टोकाला एक मोठं माणूस पाहिजे. बसल्या बसल्या बाहेर जायची दारं कुठं आहेत ते सगळ्यांनी बघून ठेवायचं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री आगीत जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेली वास्तू ती. आत प्रयोग नव्हता हे नशीब.

आणि मोबाईल. पोरांकडं नसतो, आपल्याकडं असतो. व्हिडिओ काढायला वर धरलेल्या मोबाईलचा उजेड स्टेजवरून सरळ दिसतो. ग्रुपवर टाकायला फोटो पाहिजे असेल तर नाटक संपल्यावर बाहेर काढा.

कानडी बोलणाऱ्या पोरांचं काय

आपल्या पूर्व भागातल्या बऱ्याच घरांत कानडी बोलतात. पोरांना मराठी नाटक कळणार नाही, उगाच कशाला न्यायचं, असं एका पालकानं बैठकीत विचारलं. आम्ही काय केलं, तर जायच्या दोन दिवस आधी बाईंनी गोष्ट कानडीत सांगितली, शेवट सोडून. कोण राजा, कोण चेटकीण, कुणाचं नाव काय, एवढं कळलं की पोरं बरोबर जातात. बाकी हातवारे, गाणी आणि आवाजच सांगतो. मी बघत होतो, हशा सगळीकडं एकाच वेळी येत होता.

याच्यात एक गंमत आहे, ती मला सांगलीत एका जुन्या नाटकवाल्यांनी सांगितली आणि नंतर मी वाचूनही खात्री केली. मराठी नाटकाची सुरुवात सांगलीत झाली, हे आपण शाळेत शिकतो. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचं नाटक केलं, म्हणून ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. पण त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. ते बघून सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना तसं मराठीत करायला सांगितलं. हे मी पुढच्या बैठकीत त्या पालकाला सांगितलं. ते म्हणाले, "मग आमचंच म्हणायचं की." आणि संमतीपत्रावर सही केली.

परत आल्यावर पोरांकडून निबंध लिहून घेऊ नका, एवढी विनंती. आमच्या पोरांनी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्वतःच नाटक मांडलं, पोत्याचा झगा करून. चेटकीण व्हायला भांडणं झाली.

यंदाची बैठक झाली. तारीख दसऱ्याच्या आधीची मागितली आहे, गटशिक्षणाधिकारी कार्यालयात पत्र दिलंय, आगारातही दिलंय. यादी करताना पहिली सहा नावं ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांची लिहिली, मग बाकीची. त्या दोन बहिणींतली थोरली आता हायस्कूलला गेली, तिचं नाव आमच्या यादीत बसत नाही. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना मी सोमवारी भेटणार आहे.