तळपायाची आग आणि काशाची वाटी

मधुमेह असलेल्यांपैकी साधारण निम्म्या जणांना कधी ना कधी न्युरोपॅथी, म्हणजे चेतातंतूंचा विकार, गाठतो. सर्वांत लांब तंतूंना त्याची झळ आधी लागते. त्यामुळे सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि त्रास मोजा चढवावा तसा वर सरकतो. जळजळ, मुंग्या, सुया टोचल्यासारखी कळ. रात्री तर चादरीचा स्पर्शही नकोसा होतो. घरोघरी याला ‘उष्णता’ म्हणतात आणि बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

पहिला गैरसमज काशाच्या वाटीचा. तळव्याला तूप किंवा खोबरेल लावून वाटीने घासले की ते काळे पडते, आणि हीच बाहेर पडलेली उष्णता असे मानले जाते. कासे हा तांबे आणि कथलाचा मिश्रधातू. तुपाशी, घामाशी होणारी त्याची क्रिया आणि घासून सुटलेले धातूचे कण यांमुळे तो रंग येतो. ठणठणीत माणसाच्या पायावर वाटी फिरवली तरी तूप काळे होतेच. मात्र घासल्यावर बरे वाटते, हे खोटे नाही. स्पर्शाचे संदेश नेणारे जाड तंतू मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांची वाट काही प्रमाणात अडवतात, असा सिद्धान्त मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. ठेच लागलेले बोट आपण नकळत चोळतो, ते याचमुळे. हा आराम तात्पुरता असतो. ‘नस मोकळी झाली’ म्हणण्यातही अर्थ नाही, कारण चेतातंतू म्हणजे तुंबलेली नळी नव्हे. झिजलेला तंतू मालिशीने भरून येत नाही.

आहाराबाबतचा समज असा, की साखर झटकन खाली आणली की दुखणेही झटकन जाते. काटेकोर नियंत्रणाने न्युरोपॅथीचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटतो, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील मोठ्या अभ्यासात दिसले; पण ते रुग्ण टाइप १ मधुमेहाचे होते. टाइप २ मध्ये फायदा बराच कमी दिसतो. उलट, बराच काळ चढी राहिलेली साखर उपासतापास किंवा औषधांनी एकदम उतरवली आणि एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) तीन महिन्यांत दोन अंकांहून अधिक घसरले, तर काहींना नव्याने तीव्र वेदना सुरू होतात. साखर उतरवायचीच, पण टप्प्याटप्प्याने.

पोळीऐवजी ज्वारीची भाकरी घेतली की हवी तेवढी खाता येते, हाही असाच एक समज. भाकरीतही पिष्ट भरपूर असते. मोजायचे ते ताटातले प्रमाण. गुळाची गोष्ट तर एका वाक्यात संपते: तो बहुतांशी साखरच आहे.

ताटातल्या ज्या गोष्टीकडे खरे लक्ष हवे, ती म्हणजे बी१२ जीवनसत्त्व. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन हे औषध वर्षानुवर्षे घेतल्याने ते कमी होऊ शकते, आणि त्याच्या अभावानेही पायांना अशाच मुंग्या येतात. मोड आलेल्या कडधान्यांतून किंवा पालेभाज्यांतून ते मिळत नाही. शाकाहारी माणसाची मदार दूध-दह्यावर असते, आणि चहापुरत्या दुधाने भागत नाही. म्हणून रक्ततपासणी करून, कमी असेल तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या किंवा इंजेक्शन. मनाने ‘ताकदीच्या गोळ्या’ घेत राहणे धोक्याचे, कारण बी६ जीवनसत्त्वाचे मोठे डोस दीर्घकाळ घेतल्यास तेच चेतातंतूंना इजा करते.

दुखणे कमी झाले म्हणजे विकार बरा झाला, हा सर्वांत महागात पडणारा समज. कधी कधी तंतू इतके झिजलेले असतात की वेदनाच कळत नाही. अशा पायाला गरम पाण्याची पिशवी किंवा विटेचा शेक दिला तर फोड आलेला सकाळी चादरीवरच्या डागावरून समजतो. दवाखान्यात १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासतात. तो टेकलेला कळत नसेल तर शेक आणि जोराची मालिश दोन्ही बंद. जखम, भेग किंवा बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील तिथे तेल चोळू नये. एकच पाऊल लाल, गरम आणि सुजलेले असून फारसे दुखत नसेल, तर ती मुरगळ समजून रगडणे घातक ठरते. हाडे आतून ठिसूळ होऊन मोडू लागल्याची ती खूण असू शकते. त्या पावलावर भार न टाकता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो.