मेळाव्याला जाण्यापूर्वी

"बी. ए. झाल्यावर पुढे काय?" घरी पाहुणे आले की आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न हटकून विचारला जातो. त्याचे उत्तर मिळेल या आशेने मे 2025 मध्ये मी व माझी थोरली बहीण गोरेगावला भरलेल्या एका शिक्षण व करिअर मेळाव्याला गेलो. ताईची तृतीय वर्षाची परीक्षा नुकतीच संपली होती. बोरिवलीहून जाताना राम मंदिर स्थानकावर उतरायचे होते. तेथे धिमी गाडीच थांबते, हे आम्हाला अंधेरीला पोहोचल्यावर कळले! आमच्या तयारीची कल्पना यावरून यावी.

ताईला समाजकार्यात एम. ए. करायचे होते, तेही देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत. मेळाव्यात मार्गदर्शनाला बसलेल्या एका बाईंना तिने विचारले. त्या म्हणाल्या, "अगं, तो प्रवेश सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतो. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत भरायचे होते. परीक्षा मार्चमध्ये झालीसुद्धा." ताईचा चेहरा खर्रकन उतरला. वर्ष गेले ते गेलेच.

तेव्हा पहिली तयारी ती तारखांची. मेळावे पुष्कळदा उन्हाळ्यात भरतात, आणि तोवर अनेक प्रवेश परीक्षांची मुदत उलटून गेलेली असते. तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम घ्या, नाहीतर दोन वर्षांचे बी. एड. घ्या, महाराष्ट्रात दोहोंसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. पदवीचा निकाल हाती येईपर्यंत थांबण्याचे कारण नसते, शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करता येतो. गुणांची अटही आधीच पाहावी. खुल्या वर्गाला विधीसाठी पदवीला 45 टक्के लागतात, बी. एड.ला 50. माझे मत विचाराल तर मेळाव्याला द्वितीय वर्षातच जाऊन यावे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. खट्टू झालेल्या ताईला शेजारच्या टेबलावरच्या तरुणाने गाठले. "मॅडम, आजच पाच हजार भरा, फीमध्ये सवलत मिळेल." अभ्यासक्रमाचे नाव भारदस्त, पत्रक गुळगुळीत. ताई मोबाईलवरून पैसे पाठवायला निघालीच होती. मी घाबरून बाबांना फोन लावला. त्यांनी एकच विचारले : "पदवीवर नाव कोणत्या विद्यापीठाचे?" तो तरुण घुटमळला. पदवी नव्हतीच, संस्थेचे स्वतःचे प्रमाणपत्र होते.

हा प्रश्न प्रत्येकाने पाठ करावा. 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. आपल्या महाविद्यालयातही शिकवतात आपले प्राध्यापक, पण पदवी येते ती मुंबई विद्यापीठाची. बोगस विद्यापीठांची यादी आयोग स्वतः जाहीर करतो. ती घरून निघण्यापूर्वी चाळावी. खाजगी प्रमाणपत्र वाईटच असते असे नाही. पण ते पदवीच्या भावात घेऊ नये, आणि मेळाव्यात उभ्याउभ्या तर मुळीच पैसे भरू नयेत.

बाकी तयारी किरकोळ. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, पेन, पाण्याची बाटली आणि कापडी पिशवी (आम्ही दोन किलो तरी पत्रके आणली, ती पुढे रद्दीत गेली). वहीच्या एका पानावर चारच संस्थांची नावे लिहून न्यावीत. फी विचारताना वसतिगृह, परीक्षा व अनामत धरून एकूण आकडा मागावा. "शंभर टक्के नोकरी" असा फलक दिसला तर त्यांत बी. ए. झालेले किती, हेही विचारावे. परदेशी शिक्षणाच्या टेबलावर बसणारे अनेक जण विद्यापीठांकडून दलाली घेणारे असतात, एवढे ध्यानात ठेवून त्यांचे ऐकावे.

दारावरच्या नोंदवहीत फोन क्रमांक लिहिताना मात्र दहादा विचार करा. ताईने आईचा क्रमांक दिला होता. यंदा ताईने सीयूईटी-पीजीचा अर्ज मुदतीत भरला. आमच्या आईला मात्र एम. बी. ए. करण्याविषयी अजून फोन येतात.