पोट दुखायचं थांबलं, म्हणजे स्वादुपिंड बरं झालं का?

आज बोलूया स्वादुपिंडाबद्दल, म्हणजेच पॅन्क्रियाजबद्दल. जठराच्या मागे आडवी असलेली, साधारण १५ सेंटिमीटर लांबीची ही ग्रंथी. तिची कामं दोन: अन्न पचवणारे पाचकरस आतड्यात सोडायचे आणि साखर सांभाळणारं इन्सुलिन रक्तात सोडायचं.

या ग्रंथीला वारंवार सूज येत राहिली की ती हळूहळू कडक होते. बऱ्याच जणांच्या नळीत खडेही तयार होतात. हा झाला क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस. यातली फसवी गोष्ट म्हणजे दुखणं येतं आणि जातं. मधले काही महिने मस्त जातात आणि वाटतं, सुटलो बुवा! पण जो भाग कडक झाला, तो परत पूर्वीसारखा होत नाही.

मग ओळखायचं कसं? बेंबीच्या वर दुखतं, कळ पाठीत जाते, जेवल्यावर वाढते आणि पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. आपण अ‍ॅसिडिटी समजून गोळी घेतो. पण असं पुन्हा पुन्हा होत असेल, वजन उतरत असेल, तर पोटाच्या डॉक्टरांकडे, म्हणजे गॅस्ट्रोएंटरोलॉजिस्टकडे जा. आणखी एक खूण बोलायला लाज वाटते, पण सांगा: शौचाला तेलकट, फिकट, खूप वास येणारी होते आणि फ्लश करूनही नीट जात नाही. चरबी पचवणारा लायपेज नावाचा रस साधारण ९० टक्के घटला की असं होतं. म्हणजे तोवर बरंच नुकसान झालेलं असतं.

तपासणीत एक गंमत आहे. रक्तातलं अमायलेज, लायपेज नॉर्मल आलं म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही. जुन्या आजारात ते नॉर्मल येऊ शकतं. सीटी स्कॅनमध्ये खडे दिसतात, एमआरसीपीमध्ये नळी दिसते, तर शौचाच्या इलास्टेज तपासणीतून पाचकरस किती बनतोय याचा अंदाज येतो.

आता 'हा दारुड्यांचा आजार' हे वाक्य. दारू हे मोठं कारण आहेच, सिगारेट-तंबाखूही आहे. पण भारतात दारूचा थेंबही न घेतलेल्या तरुण मुलामुलींना हा आजार होतो. काहींमध्ये स्पिंक-१ या जनुकातला बदल सापडतो. त्यामुळे पेशंटकडे संशयाने बघू नका. लाजेपायी उपचार लांबतात.

उपचार काय? दारू आणि तंबाखू पूर्ण बंद, कारण कुठलंही असो. 'फक्त वीकेंडला' हेही नाही. पाचकरस कमी पडत असतील तर एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवणाआधी तासभर किंवा झोपताना घेऊन उपयोग नाही, जेवणासोबतच घ्यायच्या. मुख्य जेवणाला साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज लागतं, मधल्या हलक्या खाण्याला त्याच्या निम्मं. नेमका डोस डॉक्टर ठरवतील. या कॅप्सूल बहुतेक वेळा डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. ते चालत नसेल तर मनातल्या मनात गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

घरचे तेल-तूप पूर्ण बंद करतात. तशी सरसकट गरज नसते. थोडं थोडं, पण जास्त वेळा खा. नाहीतर आधीच उतरलेलं वजन आणखी उतरतं. दुखणं आवरत नसेल तर नळीतले खडे लिथोट्रिप्सीने फोडता येतात, एंडोस्कोपीने काढता येतात, काहींना ऑपरेशन लागतं.

आणि दुखत नसलं तरी वर्षातून एकदा साखर तपासा. ड, अ, ई, के ही जीवनसत्त्वं आणि हाडांची ताकद यांबद्दलही विचारा. या आजारातून मधुमेह होऊ शकतो आणि त्यात इन्सुलिनवर साखर अचानक खाली जाऊ शकते.

पोटात असह्य दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, ताप आहे किंवा डोळे पिवळे झालेत? मग सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी सारखं 'अ‍ॅसिडिटी झालीय यार' म्हणत पोट धरून बसत असेल, तर त्याला हा भाग नक्की ऐकवा.