डिस्क, पत्ता आणि मधला दुभाषा

जुन्या संगणकांतला मजकूर सोडवून घेण्याच्या खटपटीत एक गोष्ट मला पुनःपुन्हा दिसली: हार्ड डिस्क जपली म्हणजे मजकूर जपला, असे नाही. डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये एक दुभाषा असतो. तो बदलला, तर शाबूत डिस्कही मुकी होते. ‘स्कझी’ जातीच्या डिस्कबाबत हा दुभाषा म्हणजे कंट्रोलर कार्ड आणि त्यावरच्या चिपमधला बायोस.

स्कझी म्हणजे ‘स्मॉल कॉम्प्युटर सिस्टिम इंटरफेस’. शुगार्ट असोसिएट्स या अमेरिकी कंपनीच्या ‘सासी’ या जोडणीतून ती घडली आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकेत प्रमाणित रूप मिळाले. मूळ स्कझीत एका केबलवर कार्ड धरून आठ उपकरणे बसतात. प्रत्येकाला ० ते ७ पैकी एक क्रमांक. दोघांनी एकदम केबल मागितली, तर मोठ्या क्रमांकाचा मान पहिला. म्हणून कार्ड बहुधा ७ हा क्रमांक स्वतःकडे ठेवते. डिस्कच्या अंतर्रचनेशी कुणाला कर्तव्य नसते. ‘अमक्या क्रमांकाचा ब्लॉक दे’ एवढेच म्हणायचे. ब्लॉक शून्यापासून ओळीने मोजलेले, प्रत्येकात बहुधा ५१२ बाइट.

पीसीची रीत मात्र वेगळी होती. तिचा बायोस डिस्कवरचा पत्ता तीन भागांत सांगे: सिलिंडर, हेड आणि सेक्टर; जणू गल्ली, घर आणि खोली. स्कझीची भाषा त्याला येतच नसे. म्हणून कार्ड आपला बायोस बरोबर आणते. यंत्र सुरू होताना मुख्य बायोस अशा चिपा शोधतो, त्यांच्यातला प्रोग्रॅम चालवतो. कार्डाचा बायोस मग केबलवरच्या प्रत्येक क्रमांकाला ‘तू कोण?’ असे विचारतो आणि डिस्कसाठी येणाऱ्या मागण्या आपल्याकडे वळवून घेतो. तीन भागांच्या पत्त्याचा ब्लॉक-क्रमांक तोच करून देतो.

खरी मेख इथे आहे. डिस्कला किती हेड मानायची आणि किती सेक्टर, हे बायोस स्वतः ठरवतो. ॲडॅप्टेकच्या कार्डांवर ६४ हेड आणि ३२ सेक्टर हा हिशेब रूढ होता. सिलिंडर जास्तीत जास्त १०२४; म्हणजे मर्यादा १ गिगाबाइटची. मोठ्या डिस्कसाठी २५५ हेड आणि ६३ सेक्टर असा दुसरा हिशेब आला. आता ‘सिलिंडर ०, हेड १, सेक्टर १’ हा पत्ता घ्या. डॉसच्या काळात डिस्कचा पहिला विभाग सहसा इथून सुरू होई. पहिल्या हिशेबाने हा ब्लॉक ३२, दुसऱ्याने ६३. शून्याव्या ब्लॉकवरचा विभागांचा तक्ता दोन्हीकडे सापडतो. पण तक्त्याने दाखवलेल्या दारी गेले, की घर भलतेच! डिस्क खराब झाल्याचे निदान होते आणि ती भंगारात जाते. आतले अक्षर मात्र जागच्या जागी असते.

म्हणून माझे सांगणे असे. अशी डिस्क दुसऱ्या कार्डाला जोडून यंत्र सुरू झाले नाही, तर ती लगेच ‘फॉरमॅट’ करू नये. ब्लॉक-क्रमांक डिस्कचे स्वतःचे असतात, बायोसचे नव्हेत. लिनक्ससारखी प्रणाली कार्डाशी थेट बोलते. तिच्या साहाय्याने ब्लॉक शून्यापासून शेवटपर्यंत सगळ्याची नक्कल आधी काढावी, उलगडा मागाहून करावा. आणि डिस्क कपाटात ठेवताना ती कोणत्या कार्डावर, कोणत्या हिशेबाने चालत होती, हे चिठ्ठीवर लिहून तिलाच चिकटवावे. पोथीबरोबर तिची लिपी वाचणाराही जपावा लागतो.