गर्दीत जीव जातो तो श्वास कोंडून

29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा बळी गेला. अशा दुर्घटनांनंतर ‘लोक घाबरून सैरावैरा पळाले’ असे हमखास म्हटले जाते. पण खऱ्या दाटीत पळायला जागाच नसते. अनेक मृत्यू छाती दाबली गेल्याने होतात. फुप्फुसांना फुगता येत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार माणसे असली तर पाऊल आपल्या इच्छेने टाकता येते. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी हेलकावते आणि कुणाचाच स्वतःच्या शरीरावर ताबा उरत नाही.

कोणी म्हणेल, लोकांनी शिस्त पाळली असती तर हे टळले असते. पण मागच्याला पुढचे दिसत नाही. त्याचा हलका रेटा इतरांच्या रेट्यात मिसळून पुढच्याच्या बरगड्यांवर येतो. म्हणून जिन्यावर, पुलावर किती माणसे सोडायची हे ठरवणे प्रशासनाचे आणि आयोजकांचेच काम आहे. मग आपल्या हाती काहीच नाही का? आहे. चारही बाजूंनी अंगाला धक्के लागू लागले की लगेच कडेने बाहेर पडा. अडकलात तर हात छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखा, रेट्याशी झुंजू नका, लाट ओसरली की तिरके सरका. पडलेली चप्पल उचलायला वाकू नका. गर्दी देवळातली असेल तर दर्शन उद्याही होईल. आज वेळेवर मागे फिरा.