आजीला घेऊन जोतिबा-पन्हाळा: एका दिवसात काय जमतं, काय सोडून द्यावं?

कोल्हापूरकरांना जोतिबा आणि पन्हाळा म्हणजे ‘जाऊन येऊ की दोन तासांत’. मीही असंच म्हणत आले होते. गेल्या महिन्यात ७४ वर्षांच्या आजीला घेऊन गेले, तेव्हा दोन तासांचा अख्खा दिवस झाला आणि तीन दरवाजाजवळ दहा मिनिटं माझे हातपाय गार पडले. घरातल्या ज्येष्ठांना गडावर न्यायचा बेत असेल तर हे आधी वाचा.

आधी जोतिबा की पन्हाळा?

आधी जोतिबा. शिवाजी पूल ओलांडून केर्लीवरून वर जायचं. शहरापासून साधारण १८ किलोमीटर. रविवार हा जोतिबाचा वार, त्यामुळे रविवार आणि पौर्णिमा टाळा. चैत्र यात्रेच्या दिवसांत तर ज्येष्ठांना घेऊन जाण्याचा विचारच नको. आम्ही मंगळवारी सकाळी आठच्या आत पोहोचलो. इथली खरी गोम अशी, की देऊळ खाली आहे. जाताना पायऱ्या उतरायच्या आणि दमल्यावर चढायच्या.

‘उतरायला काय लागतंय’ असं आपल्याला वाटतं. गुडघ्यांचं गणित उलटं असतं. चढताना दम लागतो, पण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन तोलतात आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो. म्हणून दुखऱ्या गुडघ्यांना उतार जास्त छळतो. उपाय साधा आहे. एका हाताला काठी किंवा कठडा, उतरताना दुखरा पाय आधी खाली, चढताना चांगला पाय आधी वर. आणि आपण त्यांच्या एक पायरी खाली राहायचं, शेजारी नाही. आजीने गुलाल लावून घेतला, ‘चांगभलं’ म्हणाली आणि पायऱ्यांवर चार वेळा बसत वर आली. पाऊण तास गेला. जाऊ दे.

तिथून गिरोलीमार्गे पन्हाळ्याच्या रस्त्याला लागता येतं, परत केर्लीला उतरावं लागत नाही.

पन्हाळ्यावर काय बघावं?

पन्हाळ्याचं ज्येष्ठांसाठी मोठं सुख म्हणजे गाडी थेट गडावर जाते. २०२१ च्या जुलैतल्या पावसात हाच रस्ता खचून वाहतूक बंद पडली होती, त्यामुळे पावसाळ्यात निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करा. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत पन्हाळा आहे.

अंबरखाना जरूर बघा. चालणं कमी आणि बघण्यासारखं भरपूर. गंगा, यमुना, सरस्वती ही तिथल्या धान्यकोठारांची नावं. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा शिवाजी महाराज चार महिने या गडावर होते. एवढ्या माणसांनी खाल्लं काय, या प्रश्नाचं उत्तर या जाड भिंतींपाशी उभं राहिलं की मिळतं. आजीने मात्र भिंतीला हात लावून एवढंच विचारलं, “ह्यात उंदीर लागत नव्हतं काय गं?” सज्जाकोठीला जिना आहे. आम्ही तिथला वारा खालूनच खाल्ला.

आजीला बघायची होती ती तीन दरवाजाजवळची अंधारबाव. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती आजोबांबरोबर एसटीने इथे आली होती, त्यानंतर आत्ताच.

गाडीतून उतरून ती झटकन उभी राहिली, चार पावलं चालली आणि म्हणाली, “डोळ्यापुढं अंधारी आली बाळ.” मी धरलं नसतं तर दगडावरच पडली असती.

नेमकं झालं काय होतं?

सावलीत आडवी केली, पायांखाली पिशवी ठेवून पाय उंच केले. पाच मिनिटांनी चेहऱ्यावर रंग आला. मग विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यालीस? “चहा प्यालो की.” आणि पाणी? “पाणी पिऊन जाऊ कुठं? तुझ्या गाडीत सोय हाय काय?”

लघवीला जागा मिळणार नाही म्हणून ती सकाळपासून तहान मारत होती. आपल्या आया, आज्या आयुष्यभर हेच करत आल्यात आणि आपण ‘आजीला पाणी कमीच लागतं’ म्हणतो. त्यात वय वाढलं की तहानेची जाणीवच मंदावते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढतात. असं शरीर बराच वेळ बसून एकदम उभं राहिलं की रक्तदाब घसरतो, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि घेरी येते.

म्हणून स्थळांच्या आधी स्वच्छतागृहांची यादी करा आणि ती त्यांना निघण्यापूर्वीच सांगा. दर तासाला थोडं पाणी द्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी चालेल हे डॉक्टरांना विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. गाडीतून उतरताना आधी पाय बाहेर, मिनिटभर बसणं, मग उभं राहणं. छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा एका हातापायातली ताकद गेली तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

पुढचे बेत रद्द केले. अर्धा तास बसून, पाणी पिऊन आजीने झुणका-भाकरी आणि दही खाल्लं. अंधारबावेत मी एकटी उतरले, व्हिडिओ काढून आणला. तिने तो दोनदा बघितला आणि म्हणाली, “आम्ही गेलतो तवा हितं तुझा आजा घाबरला हुता.” ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती.

उतरताना एक गोष्ट

वाघबीळच्या उतारावर आजी म्हणाली, “जळका वास यायलाय.” मी मेकॅनिकल इंजिनिअर, आजी सातवी पास, वास तिला आधी आला. मी गप्पांच्या नादात ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होते. गड सपाटीपासून साधारण ४०० मीटर उंच आहे. १,२०० किलोची गाडी तेवढी उतरते तेव्हा जवळपास सव्वा युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. सगळी ब्रेकवर टाकली तर ते तापतात आणि पकड सुटू लागते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, म्हणजे बराच भार इंजिन घेतं.

गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबलो. तेवढ्यात आजीने पुढचा बेत काढला, गगनबावडा. ५५ किलोमीटर. “पर आधी वाटेत बाथरूम कुठं हाय ते बघ,” म्हणाली.